फ्रिजवर वचनाचं कार्ड आणि घरात पगार नाही

एका वाचक भगिनीचं पत्र आहे. थोडक्यात असं: यजमानांची कंत्राटी नोकरी गेली, त्याला आठ महिने झाले. घर हिच्या एकटीच्या पगारावर चाललंय. सकाळी सहाला नळाला पाणी येतं, सात दहाची बस असते. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या भक्तीत हिने वचनाचं कार्ड (बायबलमधलं एक वचन छापलेलं) उचललं, ते आलं यिर्मया २९:११: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. कार्ड फ्रिजवर लावलंय, पण काही बदललेलं नाही. प्रार्थना गटातल्या एक बाई सांगतात, घरात काहीतरी पाप लपलंय. एकवीस दिवस उपास धर आणि अकरा हजारांचं ‘बी पेर’, म्हणजे दान दे, देव कितीतरी पटीने परत देईल. ही रोज बायबल उघडून डोळे मिटून बोट ठेवते. गेल्या आठवड्यात बोट पडलं ते बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातल्या शापांवर, तेव्हापासून झोप नाही. यजमान प्रार्थनेला बसत नाहीत. प्रश्न तीन: देव माझ्यावर नाराज आहे का? रोजची भक्ती करायची तरी कशी? आणि फ्रिजवरचं ते कार्ड काढून टाकू का?

ताई, ख्रिस्तात सलाम.

आधी त्या बोटाचा निकाल लावू, कारण झोप त्याने गेली आहे. अनुवादाच्या २८व्या अध्यायात ६८ वचनं आहेत. पहिली १४ आशीर्वादाची, उरलेली ५४ शापाची. त्या अध्यायात कुणीही बोट ठेवलं तरी पाचातल्या चार वेळा ते शापावरच पडणार. त्यात तुमच्या घराविषयी काही निरोप नाही. शिवाय बायबल वाट्टेल तिथे उघडत नाही. बांधणी जिथे सैल झाली आहे तिथेच ते पुन्हापुन्हा उघडतं. हा अध्याय मोशेने इस्राएल राष्ट्राला करार समजावून सांगताना वाचलेला आहे. ख्रिस्ती माणसाने तो वाचावाच, पण शेजारी गलती ३:१३ उघडं ठेवून: ख्रिस्ताने आपल्याला नियमशास्त्राच्या शापापासून सोडवलं, तो आपल्यासाठी शाप झाला. हे वाक्य वजा करून अनुवाद २८ स्वतःला लावून घेणं म्हणजे फेडलेल्या कर्जाची जुनी नोटीस पुन्हा वाचून घाबरणं. बोट ठेवणं आजपासून बंद.

आता नाराजीचा प्रश्न. देवाची मर्जी, त्याची कृपा, यासाठी जुन्या करारात ‘हेन’ असा एक छोटा हिब्रू शब्द वारंवार येतो. तो बहुतेक वेळा डोळ्यांबरोबर येतो: अमक्याच्या डोळ्यांत हेन मिळालं. उत्पत्ती ६:८ मध्ये नोहाविषयी तो पहिल्यांदा भेटतो. मराठीत त्याला ‘कृपादृष्टी’ म्हणतात तेव्हा डोळे आपोआप शब्दात येतात, हे आपल्या भाषेचं भाग्यच. दुसरा मराठी शब्द ‘प्रसाद’. तो ऐकला की आपल्याला साखरफुटाणे आठवतात, पण मूळ अर्थ प्रसन्नता. ज्ञानदेवांच्या पसायदानातलं ‘पसाय’ म्हणजे हाच प्रसाद. दोन्ही शब्दांत देव आपल्याकडे कसा पाहतो हा मुद्दा आहे. हातात काय पडलं, हा पुढचा आणि वेगळा प्रश्न. तुमच्या पत्रात हे दोन्ही एक झाले आहेत: पगार आला तर देव प्रसन्न, नाही आला तर नाराज. गटातल्या बाईंचा सगळा हिशेबही याच चुकीवर उभा आहे.

योसेफाचं पाहा. उत्पत्ती ३९:२१ सांगतं की परमेश्वर योसेफाबरोबर होता, त्याने त्याच्यावर दया केली आणि बंदिशाळेच्या अधिकाऱ्याची त्याच्यावर कृपादृष्टी होऊ दिली. नीट वाचा: कृपादृष्टी कुठे झाली? बंदिशाळेत. दार उघडलं नाही. पुढच्या अध्यायात तिथेच कैदेत असलेल्या फारो राजाच्या प्यालेबरदाराला स्वप्नाचा अर्थ सांगून योसेफाने त्याला विनवलं, माझी आठवण ठेव. अध्यायाचं शेवटचं वचन म्हणतं की तो विसरला. आणि ४१व्या अध्यायाची सुरुवात: पूर्ण दोन वर्षांनंतर. योसेफ सतरा वर्षांचा असताना गोष्ट सुरू होते आणि तो फारोपुढे उभा राहतो तेव्हा तिशीचा असतो. मधल्या तेरा वर्षांत कुणी त्याच्या घरात पाप शोधायला बसलं असतं, तर त्याला योसेफाला विकणाऱ्या भावांचं सापडलं असतं, त्याच्यावर खोटा आळ घेणाऱ्या पोटीफरच्या बायकोचं सापडलं असतं. आणि तुरुंगात मात्र योसेफ बसला होता.

लपलेल्या पापाचं म्हणाल, तर निर्दोष असून सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र त्याला हेच सांगत होते, तेही फार सुंदर काव्यात. ४२:७ मध्ये देवाचा राग भडकतो तो त्या मित्रांवर. योहान ९ मध्ये शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बघून विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही पर्याय नाकारले. मन खरंच एखाद्या नेमक्या गोष्टीसाठी खात असेल तर ती नाव घेऊन कबूल करा, १ योहान १:९ वाचा आणि तिथे थांबा. ‘काहीतरी असेल’ असल्या मोघम पापाची कबुली देता येत नाही आणि तिला क्षमाही मिळाल्यासारखी वाटत नाही, म्हणून ते ओझं डोक्यावरून उतरतच नाही.

अकरा हजार देऊ नका. बियाण्याचं ते वचन २ करिंथ ९:६ आहे (जो सढळ पेरतो तो सढळ कापणी करील), आणि तो अध्याय यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी गोळा होणाऱ्या मदतीविषयी आहे. लगेच पुढच्या वचनात पौल म्हणतो की ज्याने त्याने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनाने किंवा सक्तीने नव्हे. आठ महिने एका पगारावर चाललेल्या घरातून, कदाचित उसने घेऊन, कुणाच्या धाकाने दिलेली रक्कम या वचनात कुठे बसते ते तुम्हीच पाहा. रविवारी ताटात नेहमीचं टाकता ते टाका. आणि पैसे नक्की कुणाच्या हातात, कुठल्या खात्यात जाणार होते ते तुमच्या पाळकसाहेबांच्या कानावर घाला. मंडळीत आणखी कुणाला असंच सांगितलं गेलं असेल.

एकवीस दिवसांचा आकडा दानीएल १० मधून येतो. तिथे दानीएलाने तीन आठवडे सोडलं काय, तर रुचकर अन्न, मांस आणि द्राक्षारस. तो उपाशी नव्हता. तुम्ही थायरॉइडची गोळी घेता आणि दिवसभर उभ्याने काम करता असं लिहिलं आहे. एकवीस दिवस नुसत्या पाण्यावर काढाल तर आठव्या दिवशी बसमध्ये चक्कर येईल, आणि तीही परीक्षा म्हणून सांगितली जाईल. उपास करायचाच तर आठवड्यातून एक दिवस, एक जेवण, गोळी-पाणी चालू ठेवून आणि आधी डॉक्टरांना विचारून. वाचलेली वेळ प्रार्थनेला, वाचलेलं धान्य कुणाला तरी. यशया ५८ मधला उपास हाच आहे: भुकेल्याला आपल्यातली भाकर वाटून देणं.

रोजच्या भक्तीचं आता तपशिलात सांगतो, कारण खरं काम इथे आहे.

पहिली गोष्ट वेळ. पाणी सहाला येतं, म्हणजे पाच चाळीस ते सहा. वीसच मिनिटं. तासभराची भक्ती ठरवणारे बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात ढेपाळतात, कारण तास सापडला नाही की त्या दिवशी काहीच होत नाही. जागा एकच ठेवा, स्वयंपाकघरातली खुर्ची चालेल. बायबल छापील, आणि रात्रीच टेबलावर उघडं ठेवून झोपायचं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. मोबाइलवर बायबल वाचायला हरकत काहीच नाही, पण वचन उघडायच्या आधी ग्रुपवरचे चौदा ‘सुप्रभात’ उघडतात. गजर लागतो असं म्हणाल, तर साधं गजराचं घड्याळ आणा.

वीस मिनिटांची वाटणी अशी. दोन मिनिटं गप्प बसणं किंवा पाठ असलेल्या एखाद्या गीताचं एक कडवं. आठ मिनिटं वाचन, मोठ्याने, निदान ओठ हलवून. डोळ्यांनी वाचताना ओळखीची वचनं आपण गाळतो. तोंडाने वाचताना गाळता येत नाहीत. चार मिनिटं लिहिणं. सहा मिनिटं प्रार्थना. जुन्या भाषेत अडलात तर तोच भाग सोप्या मराठीतल्या आवृत्तीत पाहा, पण मोठ्याने वाचायला एकच प्रत ठेवा म्हणजे शब्द तोंडात बसतात.

लिहायला शंभर पानी वही. रोज तीनच ओळी. पहिली, या भागात देव काय करतो. दुसरी, कृपा झालेल्या माणसाचं त्या क्षणी काय बदललं नाही. तिसरी, आज मी देवाला कुठलं एक वाक्य परत म्हणून दाखवणार. दुसरी ओळ विचित्र वाटेल, पण तुमच्यासाठी तीच औषध आहे. पुष्कळ जण वहीत एका बाजूला ‘मागितलं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मिळालं’ असे रकाने करतात. सुखाच्या दिवसांत ते छान दिसतं. तुमच्यासारख्या काळात दुसरा रकाना रिकामा राहतो आणि वही उघडायचीच भीती वाटू लागते. रकाने नकोत.

काय वाचायचं? उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत वर्षात संपवायची योजना या वर्षी नको. प्रॉटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय आहेत, रोज सव्वातीनच्या आसपास पडतात. १ जानेवारीला सुरू केलं तर महिनाअखेरीला माणूस लेवीयमध्ये पोचतो, आणि होमार्पणाच्या चरबीपाशी त्याची भक्ती थांबते. तुम्ही चार आठवडे, आठवड्याला पाच दिवस एवढंच घ्या. शनिवारी नवीन काही नाही, पाच दिवसांच्या तीन-तीन ओळी पुन्हा वाचायच्या. रविवारी उपासना.

पहिल्या आठवड्यात योसेफ: उत्पत्ती ३७, ३९, ४०, ४१ आणि ५०. मधला ३८वा यहूदा आणि तामारेचा आहे, तो नंतर कधीतरी. दुसऱ्या आठवड्यात स्तोत्रं १३, ३०, २३, ८४, ९०, याच क्रमाने, कारण तेरावं तुमच्या आजच्या अवस्थेत लिहिलेलं आहे आणि नव्वदाव्याचा शेवट हातच्या कामाविषयी आहे. तिसऱ्या आठवड्यात लूक. पहिला अध्याय ८० वचनांचा आहे, तो दोन दिवसांत, ३८व्या वचनाशी तोडून. मग दुसरा. गुरुवारी ३:२१-२२ आणि ४:१-१३ एकत्र वाचा, मधली वंशावळ ओलांडून: ‘तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे’ ही वाणी आणि अरण्यातले चाळीस उपाशी दिवस यांच्यात फक्त ती वंशावळ आहे. पित्याची मर्जी पुत्रावर पूर्ण होती आणि पुत्र भुकेला होता. शुक्रवारी ४:१४-३०. चौथ्या आठवड्यात रोम ५:१-११, रोम ८ दोन भागांत (१७व्या वचनापर्यंत आणि पुढे), २ करिंथ १२:१-१०, आणि नहेम्याचे पहिले दोन अध्याय.

नेम चुकणारच. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही. मंगळवार गेला तर बुधवारी बुधवारचंच वाचा. मागची थकबाकी चढवत गेलात की शुक्रवारी बारा अध्याय साचतात आणि वीस मिनिटांची भक्ती वसुली होऊन बसते. पहाटेचं जमलंच नाही त्या दिवशी बसमध्ये स्तोत्र २३ मनात म्हणा. ते सहाच वचनांचं आहे, पहिला थांबा यायच्या आत होतं. तो दिवस पुरा झाला असं समजा. देवाची मर्जी तुमच्या हजेरीपटावर अवलंबून असती तर ती कृपा राहिली नसती, पगार झाला असता. हा शब्दांचा खेळ वाटला तर रोम ४:४ पाहा, पौलाने मजुरी आणि कृपा हाच फरक केला आहे.

प्रार्थनेत काय बोलायचं हे सुचत नाही असं लिहिलंय. स्तोत्र १३ साचा म्हणून घ्या. पहिल्या दोन वचनांत दावीद ‘किती वेळ?’ असं चार वेळा विचारतो. तिसऱ्या-चौथ्यात मागतो. पाचव्या-सहाव्यात म्हणतो, पण मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. तक्रार, मागणं, भरवसा, प्रत्येकी दोन वचनं. तुमच्या तोंडी ते असं येईल: ‘प्रभू, आठ महिने झाले. किती वेळ? घराच्या हप्त्याची तारीख सात आहे आणि खात्यात निम्मेच आहेत. ह्यांचं सकाळी उशिरापर्यंत भिंतीकडे तोंड करून पडणं मला बघवत नाही. काम दे. त्या वर्कशॉपमधून आज फोन येऊ दे. तू वधस्तंभावर माझ्याकडे पाठ फिरवली नाहीस, आजही फिरवणार नाहीस.’ आकडा, तारीख, नाव घेऊन बोला. ‘आमच्या सर्व गरजा तू जाणतोस’ हे खरं आहे, पण त्या वाक्याआड आपण पुष्कळदा लपतो. तक्रारीने देव रागावेल ही भीती असेल तर लक्षात घ्या, ती तक्रार त्यानेच आपल्या शास्त्रात छापून ठेवली आहे. आणि शेवटची दोन वचनं मनातून येत नसतील तर वाचून म्हणा. उसना भरवसा चालतो, मंडळी रविवारी एकमेकांना तोच पुरवत असते.

प्रार्थना आणि प्रयत्न यांची गाठ नहेम्याने नीट घातली आहे. तो पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. किसलेव या यहुदी महिन्यात यरुशलेमेचा कोट पडल्याची बातमी ऐकून तो उपास-प्रार्थना करू लागला आणि राजापुढे तोंड उघडलं निसानमध्ये, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. राजाने विचारलं, तुला काय पाहिजे? त्या क्षणी त्याने मनात प्रार्थना केली आणि लगेच यादी सांगितली: किती मुदत, कुठल्या अधिकाऱ्यांना पत्रं, कुठल्या वनरक्षकाकडून लाकूड. त्या चार महिन्यांत त्याने नुसतं रडण्यात वेळ घालवलेला नव्हता. तेव्हा यजमानांच्या अनुभवाचे दाखले, भविष्य निर्वाह निधीचे कागद एका फाइलमध्ये आणा, आणि हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या. चुकल्यावर गेलात तर बोलणं अवघड होतं. सगळं करून झाल्यावर स्तोत्र ९०:१७ म्हणा: आमच्या हातचे काम सिद्धीस ने. आधी हातात काम तर पाहिजे.

यजमानांना प्रार्थनेला बसवू नका. नोकरी गेलेल्या पुरुषाला घरच्या प्रार्थनेची धास्ती वाटते, कारण तिथे त्याच्याविषयी देवाला सांगितलं जातं आणि त्याला ते ऐकावं लागतं. ‘प्रभू, ह्यांना सुबुद्धी दे’ हे मागणं देवापेक्षा शेजारी बसलेल्यालाच जास्त ऐकू येतं. त्यांच्यासाठीची प्रार्थना पाच चाळीसच्या वीस मिनिटांत, एकांतात. त्यांच्यासमोर फक्त जेवणाआधीचे दोन शब्द आणि रात्रीचा एक आशीर्वाद.

तो आशीर्वाद गणना ६:२४-२६ मधला. रविवारी पाळक तुम्हाला म्हणतात तोच. ‘परमेश्वर आपला मुखप्रकाश तुजवर पाडो.’ हिब्रूत तो फक्त पंधरा शब्दांचा आहे, तीन ओळींत तीन, पाच, सात असा वाढत जाणारा. १९७९ मध्ये यरुशलेमेजवळ केतेफ हिन्नोम इथल्या कबरींत चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले आहेत. बायबलमधल्या मजकुराचा हा आजवर सापडलेला सगळ्यांत जुना लेख मानला जातो. हा आशीर्वाद म्हटला सगळ्या लोकसमुदायावर जातो, पण हिब्रूत सर्वनाम एकवचनी आहे: तुम्हांला नव्हे, तुला. रात्री मुलाच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणा. यजमान खोलीत असतील तर त्यांनाही ऐकू येईल. त्यात त्यांना सुधारण्याविषयी एक शब्द नाही, फक्त देवाचं तोंड त्यांच्याकडे वळावं एवढंच आहे. कधीतरी मुलगाच म्हणेल, बाबांना पण म्हण. नाही म्हणाला तरी चालेल.

झोपेचं हलकं घेऊ नका. १ राजे १९ मध्ये एलिया झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला बोध करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. बोलणं पुढे, होरेब डोंगरावर. आणखी आठवडाभर झोप आली नाही, जेवण जाईना किंवा जगणं नको वाटू लागलं, तर डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. यजमानांचं भिंतीकडे तोंड करून पडून राहणंही याच यादीत धरा.

राहिलं कार्ड. ते चुकीचं नाही, अर्धं आहे. यिर्मया २९ हे बाबेलात धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे. आदल्याच अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात जाहीर केलं होतं की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना तेच ऐकायचं होतं. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला. यिर्मयाच्या पत्रात आकडा सत्तर वर्षांचा आहे, तो १०व्या वचनात, म्हणजे तुमच्या कार्डाच्या बरोब्बर वरच्या ओळीत. कार्ड छापणारे तो गाळतात. त्याही वर, ५ ते ७ मध्ये, सत्तर वर्षं काय करायचं ते आहे: घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. ‘हिताचे संकल्प’ हे शब्द त्या परक्या गावात रोजचा स्वयंपाक करणाऱ्यांना लिहिलेले आहेत. कार्ड काढू नका. खाली पेन्सिलीने ‘२९:४-१४’ लिहा, आणि एका रविवारी दुपारी ती अकरा वचनं मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या.